पेट्रोलच भरत नाही, मग रस्त्याचा टॅक्स कोण भरणार?

प्रश्न : नमस्कार, मी यंदा इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. शेजारचे काका सारखं ऐकवतात, तू टॅक्स भरत नाहीस आणि आमच्या पैशांच्या रस्त्यावर फिरतोस. खरंय का हे? आणि पुढे आमच्यावर पण टॅक्स लागणार का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : काकांचं थोडं बरोबर आहे, पण थोडंच. पेट्रोलवर केंद्राचा रस्ते आणि पायाभूत सुविधांसाठी सेस (ठरावीक कामासाठीचा जादा कर) असतो आणि तो लिटरमागे लागतो, म्हणजे पेट्रोल कमी खपलं की सेस पण कमी. आता हिशोब बघा, जुनी स्कूटर 45 चं अ‍ॅव्हरेज देत होती आणि महिन्याला 600 किलोमीटर चालत होती असं धरलं तर साडेतेरा लिटरच्या आत काम होतं, सेस लिटरला 5 रुपयांनी धरला तर 67 रुपये. पेट्रोलमधून रस्त्याच्या नावाने जायचे ते एवढेच! बाकीची एक्साइज आणि राज्याचा व्हॅट याच्या कितीतरी पट जास्त, पण तो पैसा सरकारच्या सगळ्याच खर्चाला जातो, रस्त्यासाठी बाजूला काढलेला नसतो.

आणि हा सेस 2021 मध्ये 18 रुपये होता बरं का. पेट्रोल स्वस्त करायला सरकारनेच तो नोव्हेंबर 2021 आणि मे 2022 मध्ये कमी करून 5 वर आणला. त्याचं खापर तुमच्या स्कूटरवर कशाला?

पण ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्या, वाढल्या की प्रश्न येणारच. न्यूझीलंडमध्ये 1 एप्रिल 2024 पासून इलेक्ट्रिक कारवाल्यांना 1000 किलोमीटरला तिथले 76 डॉलर मोजावे लागतात, ब्रिटनने एप्रिल 2028 पासून मैलाला 3 पेन्स जाहीर केलेत. आपल्याकडे उलट चाललंय, ऑगस्ट 2025 पासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोल माफ, आणि 30 लाखांवरच्या ईव्हीला 6 टक्के टॅक्स राज्याच्या मार्च 2025 च्या बजेटमध्ये आणला आणि त्याच महिन्यात मागे घेतला. मला हे अजिबात पटलं नाही. दोन टनांच्या गाडीला माफी कशासाठी? रस्ता झिजतो तो वजनाने, मुख्यतः ट्रकच्या, सव्वाशे किलोच्या स्कूटरने नाही. त्यामुळे टॅक्स लावायचाच तर वजन आणि किलोमीटर बघून लावा, आणि सुरुवात महागड्या गाड्यांपासून करा.

राज्याचं सध्याचं ईव्ही धोरण मार्च 2030 पर्यंत आहे, तोवर तरी दुचाकीवाल्यांना हात लावतील असं मला वाटत नाही.