कुठल्या बारमध्ये?

अगं, तुझा तो लांबलचक मेसेज परवा रात्री साडेअकराला आला, मी दिवा मालवणारच होते आणि वाचून झोपच उडाली. बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स ऐकून झोप लागते म्हणतात ना, त्याच्या बरोब्बर उलटं. खरं तर एका ओळीत उत्तर देता आलं असतं, "दुर्लक्ष कर", पण हा सल्ला मला तुझ्या वयात शंभरदा मिळाला आणि एकदाही उपयोगी पडला नाही, म्हणून जरा ऐसपैस लिहितेय. चहा घेऊन बस.

तर झालं काय, त्या घरगुती कार्यक्रमात तू पियानोवर त्यातला आरिया, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, आणि त्याच्या तीस बदलत्या रूपांतली, म्हणजे व्हेरिएशन्सपैकी, पहिली सात वाजवलीस, आणि एक काका म्हणाले टाइपरायटर वाटतो, आणि त्यांच्या शेजारच्या बाई म्हणाल्या फार भावुक वाजवतेस, पेडल (ते सूर लांबवणारं पायाखालचं) किती, आणि सातवं तर पळवलंसच, ते पाळण्यासारखं झुलायला हवं. तिसऱ्याने नुसतंच विचारलं, ग्लेन गूल्ड (तोच, बाखसाठी गाजलेला पियानिस्ट) खूप ऐकतेस ना? आणि आणखी कोणीतरी सांगितलं की हे झोपेसाठी लिहिलेलं संगीत आहे, इतकं खणखणीत कशाला. चार माणसं, एकच वाजवणं. आणि तू विचारतेस की यातलं खरं कोणाचं धरू.

आधी त्या झोपेवाल्याचं बघू, ते लवकर उरकेल. ती गोष्ट फोर्केल नावाच्या चरित्रकाराने 1802 मध्ये लिहिली, म्हणजे बाखचं हे पुस्तक छापलं गेल्यानंतर 61 वर्षांनी, की एका काउंटला झोप यायची नाही आणि त्याच्याकडचा गोल्डबर्ग नावाचा पोरगा त्याला रात्री हे वाजवून दाखवायचा. 1741 च्या मुखपृष्ठावर ना काउंटचं नाव आहे ना गोल्डबर्गचं, आणि गोल्डबर्ग तेव्हा चौदा वर्षांचा होता, त्यामुळे बऱ्याच अभ्यासकांना ही गोष्ट पटत नाही. आणि गंमत म्हणजे फोर्केलच्या गोष्टीतसुद्धा काउंटला झोपवायचं नाहीये, जागरणात जरा मन रमावं म्हणून थोडं मऊ पण थोडं खेळकर असं काहीतरी हवंय. म्हणजे आधी गोष्टच कच्ची, तीही अर्धी ऐकलेली, आणि त्यावरून तुला सांगणार की हळू वाजव. हे सोडून दे.

गूल्डचं मात्र इतक्या झटपट सोडता येणार नाही, कारण तुझ्या वयाच्या सगळ्यांना तोच चावतो. मलाही चावला होता. माझ्याकडे याच व्हेरिएशन्सची त्याची 1981 वाली रेकॉर्ड आली ती कोणीतरी भरून दिलेल्या कॅसेटवर, वर पेनाने नुसतं "बाख पियानो" लिहिलेलं. त्यात मागे कोणीतरी कण्हल्यासारखं गुणगुणत होतं. मी आधी समजले शेजारच्या घरातला आवाज भरला गेलाय, मग वाटलं टेपचं हेड खराब आहे, म्हणून स्पिरिट लावून कापसाने हेड साफ केलं, दोनदा. मग एका कार्यक्रमाला भेटलेल्या पारशी आजोबांनी हसत सांगितलं की अगं तो वाजवताना गातो, त्याला आवरतच नाही. त्यानंतर मला तो आवाज नसेल तर चुकल्यासारखं व्हायला लागलं! आता सांग, गूल्डबद्दलचं माझं मत हे त्याच्या बाखबद्दलचं मत आहे का त्या कॅसेटबद्दलचं?

आणि हे माझ्या एकटीचं नाही. त्याने हेच 1955 मध्ये न्यूयॉर्कला कोलंबियाच्या थर्टीएथ स्ट्रीट स्टुडिओत रेकॉर्ड केलं तेव्हा तो 22 वर्षांचा होता, एकही रिपीट नाही, म्हणजे कुठलाच भाग पुन्हा वाजवलेला नाही, साडेअडतीस मिनिटांत सगळं खलास. पुन्हा त्याच स्टुडिओत 1981 मध्ये केलं ते 51 मिनिटांचं, त्यात काही व्हेरिएशन्सचे पहिले भाग रिपीट केलेत, आणि सुरुवातीचा आरिया जिथे आधी दोन मिनिटांच्या आत संपायचा तो तीन मिनिटांच्या वर गेला. तेव्हापासून लोकांचे दोन तट, एकांना तरुण गूल्ड हवा, दुसऱ्यांना म्हातारा, म्हणजे म्हातारा कसला, गेला तेव्हा पन्नाशीचा होता. ती दुसरी रेकॉर्ड सप्टेंबर 1982 मध्ये बाजारात आली आणि 4 ऑक्टोबरला तो गेला. टोरांटोला त्याच्या थडग्यावर आरियाचे सुरुवातीचे सूर कोरलेत. मग काय, सगळ्यांना त्या संथ आरियात निरोप ऐकू यायला लागला, अजूनही येतो. पण वाजवताना त्याला कुठे माहीत होतं की दीड वर्षाने काय होणार आहे. निरोप ऐकणाऱ्यांच्या कानात आहे. मला स्वतःला तो ऐकू येतो, मी काही शहाणी नाही, पण तो टेपवर नाही एवढं मला कळतं.

आता हे एक करून बघ, घड्याळ लावून. दुसरी रेकॉर्ड जास्त संथ, खोल, पोक्त, असं जो तो सांगतो ना, तर दोन्हींतलं पंचविसावं व्हेरिएशन लाव, तेच जी मायनरमधलं, ज्याला वांडा लांडोव्स्का ही जुन्या पिढीतली वादक काळा मोती म्हणायची. 1955 वालं साडेसहा मिनिटांच्या आसपास आहे आणि 1981 वालं सहा मिनिटांच्या आसपास. म्हणजे सगळ्यात दुःखी जागी म्हातारा गूल्डच जरा लवकर उरकतो! त्याला स्वतःला पुढे ते तरुणपणीचं पंचविसावं नको इतकं रडवेलं वाटायला लागलं होतं, शोपँच्या नॉक्टर्नसारखं, त्या हळव्या रात्रगीतासारखं. आणि "कोरडा गूल्ड" म्हणतात ते याच माणसाला. पहिल्यांदा घड्याळ लावून मोजलं तेव्हा मी खजील झाले होते, कारण मी स्वतः दहा वर्षं विद्यार्थ्यांना उलटं सांगत होते.

आणखी एक. 1981 च्या त्या रेकॉर्डला बरेच जण रुक्ष, काचेसारखी म्हणायचे. ते सुरुवातीच्या काळातलं डिजिटल रेकॉर्डिंग होतं, पण सोबत अ‍ॅनालॉग टेपही चालू ठेवली होती आणि 2002 मध्ये त्या टेपवरून नव्याने काढलेली आवृत्ती आली. बोटं तीच, पियानो तोच, यामाहा, आणि तरी आवाजाला वेगळीच ऊब. म्हणजे इतकी वर्षं काही जण गूल्डला जे बोलत होते ते अर्धंमुर्धं मशीनला लागू होतं.

हे सगळं सांगतेय ते मतं बोगस असतात म्हणून नाही, उलट. मत म्हणजे एका माणसाला कुठेतरी काहीतरी खटकलं किंवा भिडलं याची खबर असते, फक्त पत्ता चुकीचा लिहिलेला असतो. पत्ता आपण शोधायचा. माझ्या बाई (त्यांच्याकडे मी नऊ वर्षं शिकले, वर्गात त्या फारसं बोलायच्या नाहीत) कोणीही काहीही म्हटलं की एकच प्रश्न विचारायच्या, कुठल्या बारमध्ये, म्हणजे छापील सुरांच्या ओळीतल्या कुठल्या तालाच्या खणात? ज्याला बार सांगता येईल, किंवा निदान गाऊन दाखवता येईल की ही जागा, त्याचं सगळं ऐकायचं. ज्याला नाही सांगता येत त्याला नमस्कार करायचा आणि चकली पुढे करायची.

म्हणून मी तुझं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं, हातात पेन्सिल घेऊन, चौघांच्या वतीने. त्या पेडलवाल्या बाई बरोबर आहेत. आरियात बार 27 पासून वरचा हात सेमीक्वेव्हरमध्ये, म्हणजे छोट्या जलद सुरांत, वाहायला लागतो ना, तिथे तू भारावून जातेस आणि पेडल धरूनच ठेवतेस, आणि खालचा बास, म्हणजे खर्जातली ओळ, पुसून जातो. आणि या पुस्तकात बास पुसला गेला की सगळंच गेलं गं, कारण तीसच्या तीस व्हेरिएशन्स त्या 32 बारच्या बासवर उभी आहेत, आरियाच्या वरच्या चालीवर नाही. ती चाल पुन्हा येते ती थेट शेवटी. आणि ते काकाही बरोबर आहेत. पहिल्या व्हेरिएशनमध्ये तुझे सगळे सेमीक्वेव्हर एका वजनाचे, एका लांबीचे पडतात, कुठे श्वास नाही, टकटकटकटक, टाइपरायटरच. दोघांचं पटत नाही कारण दोघं वेगवेगळ्या पानांबद्दल बोलतायत आणि ते त्यांनाच माहीत नाही.

सातव्याची गोष्ट मजेशीर आहे, तिथे त्या बाई चुकल्यात पण त्यांचा दोष नाही. बाखने यात टेम्पोचे शब्द फार कमी लिहिलेत, म्हणून सातवं बरेच जण सिसिलियाना हा संथ नाच समजून हळू, झुलतं वाजवायचे, आणि त्या तशाच एखाद्या जुन्या रेकॉर्डवर वाढल्या असणार. मग 1970 च्या दशकात फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला बाखची स्वतःची छापील प्रत सापडली, त्याच्या हाताने दुरुस्त्या केलेली, मागे कोऱ्या पानावर त्याच बासच्या पहिल्या आठ सुरांवरचे चौदा छोटे कॅनन (एकच चाल मागून मागून येते अशा रचना) लिहिलेले, आणि सातव्यावर शब्द होते "जिगच्या टेम्पोत", म्हणजे एका चपळ नाचाच्या वेगात. पंचविसाव्यावर "अदाजियो", म्हणजे संथ. म्हणजे एका वादाचा निकाल सव्वादोनशे वर्षांनी लागला आणि दुसऱ्यात गूल्डने 1955 मध्ये नुसत्या कानावर जे धरलं होतं ते बरोबर निघालं. असा निकाल लागणं दुर्मिळ आहे हो, बाकी पुष्कळ गोष्टींत कधीच लागणार नाही.

जसं की पियानो हवा का नको. मुखपृष्ठावर दोन कीबोर्डचं हार्प्सिकॉर्ड असं स्पष्ट छापलंय, त्यात तार छेडली जाते, बोट कितीही जोरात मारलं तरी आवाज तेवढाच, म्हणून वादक सगळा भाव वेळेतून काढतो, सूर किती धरला, कधी सोडला यातून. पियानोवर आपल्याकडे लहान-मोठा आवाज आहे, पेडल आहे, आणि उलट पुढे आठव्यात, चौदाव्यात दोन हात एकाच जागी आले की बोटांची हाणामारी. यातून जो तो आपापली वाट काढतो. आंद्राश शिफ हा पियानिस्ट बाख वाजवताना पेडलला जवळजवळ पायच लावत नाही. रोझलिन ट्युरेक ही पियानिस्ट 1957 च्या रेकॉर्डिंगमध्ये सगळे रिपीट घेऊन दीड तास लावते, आणि गूल्ड उघड सांगायचा की मी हिच्याकडून शिकलो. साडेअडतीस मिनिटंवाला दीड तासवालीकडून शिकला! वेग नाही शिकला, एकत्र चालणारी प्रत्येक सुरावट सुटी ठेवणं शिकला. म्हणून "गूल्ड ऐकतेस ना खूप" म्हणणाऱ्याला विचार की गूल्डचं काय ऐकू आलं तुम्हाला. तुझ्यात मला त्याचा वेग ऐकू आला, सुटेपणा नाही, आणि हे तुला मी सांगितलेलं बरं.

आपल्याकडे घराण्यांवरून वाद घालत वाढलेली माणसं हे ऐकून पटकन म्हणतात की हे आपलंच, ज्याची त्याची गायकी. मी पण पूर्वी म्हणायचे. पण बंदिशीत गायकाने भरायचं खूप असतं, इथे एकूण एक सूर छापलेला आहे, त्यामुळे तुझ्या हातात उरतं ते थोडकंच, आणि ते थोडकं कुठे आहे हे नेमकं माहीत असावं लागतं. नाहीतर "माझं इंटरप्रिटेशन" म्हणत माणसं चुकीचा बास खपवतात, मी बघितलेत.

रविवारी साडेदहाला ये, ग्रेडच्या परीक्षेची पुस्तकं आणू नकोस, फक्त हे आण. पहिल्या व्हेरिएशनचा लेफ्ट हँड मला गाऊन दाखवायचा, वाजवून नाही, आणि आरिया एकदा पाय स्टुलाच्या दांडीला अडकवून वाजवायचा म्हणजे पेडलचा प्रश्नच नको. सातवं आहे त्याच टेम्पोत ठेव. आणि त्या बाईंचा नंबर कोणाकडे असेल तर त्यांनाही घेऊन ये जमलं तर, त्यांच्या घरी कोणाची रेकॉर्ड होती ते मला विचारायचंय.