सशाला पेलेट किती? मामाच्या म्हशीला पेंड घालतात तसं

तुम्ही विचारलंय : ससा दीड वर्षाचा, वजन दोन किलो, रोज पेलेट (म्हणजे सशाच्या खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या) किती द्यावेत, बिस्कीट-गाजर-केळं चालतं का, कारण घरचे म्हणतात, ‘खातोय तर खाऊ दे.’

ते ‘घरचे म्हणतात’ वाचलं आणि राहवलं नाही.

आकडा आधी घ्या. मोठ्या सशाला वजनाच्या किलोमागे २० ते २५ ग्रॅम पेलेट, म्हणजे तुमच्याला दिवसाला ४०-५० ग्रॅम. वाटीच्या अंदाजाने नको, काट्यावर एकदा मोजा आणि तेवढ्या मापाची वाटी वेगळी ठेवा. बिस्कीट अजिबात नाही.

आता आमचं ऐका. आम्ही बेळगावच्या शहापूरला राहतो. आमचा ससा भुऱ्या तेव्हा दोन वर्षांचा होता. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं, खानापूरकडचा मामाही आलेला. मामाला जनावरांचं फार. भुऱ्याच्या पुढ्यातलं वाळलं गवत आणि मोजून टाकलेले पेलेट बघून तो सगळ्यांसमोर म्हणाला, “उपाशी मारतंय हे पोरगं त्याला. जनावराला मापून घालतात व्हय? सोनं हाय काय ते?” सगळे हसले. मग काय, जो तो त्याला काही ना काही भरवू लागला. चहात बुडवलेलं मारी बिस्कीट, प्रसादाचं केळं, बोटावर दुधाचा गोड कुंदा. मी आरडाओरडा केला तर मामा म्हणतो, “कुंदा दूधच की रे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भुऱ्या कोपऱ्यात पाठ वाकवून बसलेला. पिंजऱ्यात लेंडी एक नाही. कोथिंबीर नाकाशी धरली तर तोंड फिरवलं. सशाला उलटी करता येत नाही, जे गेलं ते पुढेच सरकायला पाहिजे. आणि ते सरकतं लांब धाग्याच्या चाऱ्यावर. पोटात त्याची एक मोठी पिशवी असते, चारा तिथे आंबतो. तिथे साखर आणि मैदा गेला की नको ते जंतू माजतात, वायू धरतो, आतडं थंड पडतं.

पहिले डॉक्टर म्हणाले, “अहो, दुसरा आणा, कितीला मिळतो?” त्यांच्याबद्दल एवढंच पुरे. दुसऱ्यांनी कातडीखाली सलाईन दिलं, दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं आणि पेलेट भिजवून, कुस्करून सिरिंजने भरवायला शिकवलं. तीन दिवस मी आणि बायको पाळीपाळीने रात्री उठत होतो. तिसऱ्या पहाटे चार लेंड्या पडल्या, मोहरीपेक्षा जराशा मोठ्या. बायकोने मला हाक मारली ती अशी की शेजारी जागे झाले.

मामाशी वाद मात्र अजून मिटलेला नाही, म्हणून इथेच सांगतो. मामा, तुम्ही म्हशीला वैरण पोटभर घालता आणि पेंड घमेल्याने मोजून घालता. दावं तोडून ती धान्याच्या पोत्यापाशी गेली तर रात्रभर तिचं पोट चोळत बसता. सशाचंही तेच! गवत म्हणजे वैरण, पेलेट म्हणजे पेंड. गूळ काय रोज घालता काय तिला?

तर गवत दिवसभर पुढ्यात हवं, सशाच्या अंगाएवढा ढीग तरी. दात जन्मभर वाढतात, ते झिजतात चावण्यानेच. भाताचं पिंजर नुसतं नको, वाळलेलं गवत बघा, हरळी उत्तम. आपल्याकडच्या पावसात गवताला बुरशी धरते, ती दिसली की सगळी पेंढी टाका. मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, कोथिंबीर रोज चालते. गाजर मात्र खाऊ आहे, एखादी चकती. फळ चमचाभर, तेही रोज नको. पेलेटच्या पिशवीवर तंतू (फायबर) १८ टक्क्यांच्या वर आहे का बघा. मका आणि रंगीत दाणे मिसळलेलं घेऊ नका, ससा गोड तेवढं निवडून खातो.

रात्री तो स्वतःच्या मऊ लेंड्या खातो, ओरडू नका, ते त्याचं दुसरं जेवण. त्या न खाता बुडाला चिकटलेल्या दिसू लागल्या की समजा, पेलेट किंवा खाऊ जास्त झालाय.

सांगायचं राहिलं : सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना हे माप लावू नका, त्यांना पेलेट जास्त लागतात आणि लसूणघासही (लसूण नव्हे, लुसर्नचा चारा) चालतो. मोठ्याला लसूणघास रोज नको, चुना (कॅल्शियम) जास्त होऊन लघवी गढूळ, घट्ट होते. पेलेट कमी करायचे तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. आणि दहा-बारा तास खाणं-लेंडी बंद असेल तर आधी डॉक्टर. आमचं वाचून घरीच सिरिंज घेऊन बसू नका, आतडं अडलेलं असेल तर भरवण्यानेच जीव जाईल.

मामा अजून म्हणतो, भुऱ्या वाचला तो आज्जीने चोळलेल्या ओव्याच्या पाण्याने. पण दिवाळीला येताना गवताचा भारा घेऊन आला होता. पटलं म्हणून नव्हे, “तुमच्या शहरातलं गवत काय गवत हाय होय” म्हणून.