बेळगावात सेकंडहँड कलर लेझर प्रिंटर घेतोय. प्रिंटची क्वालिटी चांगली आहे हे कसं तपासू?

दुकानदाराने दाखवलेला गुलाबाचा फोटो बाजूला ठेवा आणि तुमचीच पीडीएफ साध्या ७५ जीएसएम कागदावर काढून बघा. निपाणीत माझं डीटीपीचं काम आहे, पत्रिका-पावत्या रोज निघतात, त्यावरून सांगतो. गडद रंगावर पांढऱ्या, ६ पॉइंटच्या अक्षरात मराठी आणि कन्नड दोन्ही मजकूर टाका. अनुस्वार बुजले, कन्नड ओत्तक्षरं (अक्षराखाली जोडून येणारी बारीक व्यंजनं) भरून गेली किंवा कडेला लाल-निळी झाक दिसली, तर चार रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत. आधी कॅलिब्रेशन (प्रिंटरचे रंग आपोआप जुळवून घेणं) चालवून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच सुटतं. मग फिक्या करड्या रंगाचं अख्खं पान काढा. सगळ्या खोड्या इथेच उघड्या पडतात: आडवे पट्टे, हिरवट-गुलाबी छटा, ठरावीक अंतरावर तोच डाग. असा डाग बहुधा ड्रमचा (ज्यावर आधी चित्र उमटतं तो दंडगोल) किंवा रोलरचा असतो, आणि कलर ड्रम स्वस्त नसतो, तेव्हा भाव त्या हिशोबाने पाडा. शेवटी अंगठ्याने घासा. टोनर (रंगाची पूड) निघाला तर फ्यूजर (ती वितळवून कागदाला चिकटवणारा भाग) कमजोर, नाहीतर कागदाचं सेटिंग चुकलंय. डीपीआयच्या (एका इंचात किती ठिपके) मोठ्या आकड्यांना फार भुलू नका.

फक्त एक, आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि चांगल्या मशीनवरही रंग डागाळ येतो. टेस्टला नवीन रीम फोडायला लावा.