वाचकांचे प्रश्न : पुरातली गाडी, न भरलेला पीएफ आणि अडकलेला दाखला

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात पंचगंगेचे पाणी आमच्या गल्लीत शिरले आणि दारात उभी असलेली माझी कार सीटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर ती टो करून सर्व्हिस सेंटरला नेली. विमा कंपनीने सीट आणि वायरिंगचा खर्च मान्य केला. मात्र ‘पाणी शिरल्यानंतर गाडी सुरू केली’ असे फोनवर सांगून इंजिनाचा दावा नाकारला. मी चावीला हातही लावलेला नव्हता. माझी पॉलिसी झिरो डेप आहे. आता काय करावे? (एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर)

उत्तर : झिरो डेपमुळे बदललेल्या सुट्या भागांच्या किमतीतून घसारा, म्हणजे वापरामुळे झालेली किमतीतील घट, कापला जात नाही, एवढेच होते. इंजिनात पाणी जाऊन होणाऱ्या नुकसानीसाठी इंजिन प्रोटेक्शन हे वेगळे कवच घ्यावे लागते, आणि पॉलिसी विकताना हा फरक फारसा कोणी समजावून सांगत नाही. ते कवच नसले तरी आपली बाजू संपत नाही. पुरामुळे झालेले नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत येतेच; कंपन्या नाकारतात ते पुढच्या कृतीमुळे वाढलेले नुकसान. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि असा वाकलेला रॉड दिसला की विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर सेल्फ मारल्याचा निष्कर्ष काढतो. तो निष्कर्ष बरोबर असूही शकतो, पण सेल्फ कोणी मारला हे त्यातून ठरत नाही.

म्हणून प्रथम गाडी आत घेताना सर्व्हिस सेंटरने केलेल्या जॉब कार्डाची प्रत मिळवावी. त्यात ‘टो करून आणली, इंजिन बंद’ अशी नोंद असेल आणि पुढे तपासणीच्या वेळी त्यांच्याच मेकॅनिकने गाडी सुरू करून पाहिल्याचे दिसत असेल, तर विमा कंपनीबरोबर सर्व्हिस सेंटरलाही जाब विचारता येतो. टोइंगची पावती आणि शेजाऱ्यांनी काढलेले बुडालेल्या गाडीचे फोटो जपून ठेवावेत. गल्लीत पाणी केव्हा चढले, असा वाद निघालाच, तर पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याच्या त्या दिवसांच्या पाणीपातळीच्या नोंदी जोडता येतात. तेथे इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. त्याचबरोबर दावा नाकारल्याचे पत्र पॉलिसीतील नेमके कलम नमूद करून द्यावे, आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रतही द्यावी, अशी लेखी मागणी कंपनीकडे करावी. फोनवरच्या नकाराविरुद्ध दाद मागणे फार अवघड जाते, हे कंपनीलाही ठाऊक असते.

त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर एका वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तो आपल्याला अमान्य असल्यास ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो. मात्र तीच तक्रार आयोगापुढे प्रलंबित असताना लोकपाल तिची दखल घेत नाहीत. दोष सर्व्हिस सेंटरचा आहे असे जॉब कार्डावरून दिसले, तर मी थेट जिल्हा ग्राहक आयोगाची वाट सुचवीन, कारण लोकपालांना सर्व्हिस सेंटरविरुद्ध काही करता येत नाही, तर आयोगापुढे दोघांनाही एकाच तक्रारीत प्रतिपक्ष करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दोन वर्षांची मुदत आहे, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क लागत नाही.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत मी ठेकेदारामार्फत काम करतो. पगारपत्रकात दरमहा पीएफची कपात दिसते, पण पासबुकात गेल्या अनेक महिन्यांची रक्कम जमा नाही. ठेकेदार कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी ठेकेदाराकडे. तक्रार केली तर काम जाईल, अशी भीती वाटते. (एक कामगार)

उत्तर : ही टोलवाटोलवी कायद्यापुढे टिकत नाही. ठेकेदाराने पीएफ भरला नाही, तर मूळ कंपनीची जबाबदारी सुटत नाही. तिने तो भरून ठेकेदाराच्या बिलातून वसूल करून घ्यावा, अशीच व्यवस्था आहे. कापलेली रक्कम मालकाच्या हिश्श्यासह पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत जमा व्हायला हवी. उशीर झाल्यास मालकाला व्याज आणि दंडात्मक भरपाई द्यावी लागते. शिवाय कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे न भरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 नुसार फौजदारी विश्वासघात ठरतो.

आपल्याजवळची पगारपत्रके हा सर्वांत भक्कम पुरावा आहे. ती, बँकेच्या खात्यात पगार जमा झाल्याच्या नोंदी आणि पासबुकाची छापील प्रत एकत्र करून भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या तक्रार संकेतस्थळावर यूएएन, म्हणजे आपला पीएफचा कायमचा क्रमांक, टाकून तक्रार नोंदवावी. समक्ष बोलायचे असल्यास संघटनेचा ‘निधी आपके निकट’ हा उपक्रम दरमहा 27 तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत होतो. आपली भीती अनाठायी नाही, आणि कायद्याची कलमे सांगून ती जाणार नाही. परंतु ज्या ठेकेदाराने आपली रक्कम थकवली, त्याने आपल्या सहकाऱ्यांचीही थकवली असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांची पासबुके तपासून दहाबारा जणांनी मिळून किंवा कामगार संघटनेमार्फत अर्ज दिला, तर एकट्यावर डूख धरणे ठेकेदाराला सोपे जात नाही. काम सोडल्यावर पाहू, असा विचार मात्र करू नये. दरम्यान ठेकेदार गाशा गुंडाळून गेला, तर कागद जमवणेही कठीण होऊन बसते.

प्रश्न : मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा आहे. सेवा केंद्रात अर्ज दिला. तेव्हापासून ‘सर्व्हर डाऊन आहे’ हेच ऐकतो आहे. (एक पालक, राजारामपुरी)

उत्तर : केंद्रचालक दाखला देत नाही, तो देण्याची जबाबदारी तहसील कार्यालयातील पदनिर्देशित अधिकाऱ्याची असते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार अर्जाची पोहोच आणि अर्ज क्रमांक मिळणे हा आपला हक्क आहे, आणि ठरलेली मुदत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते. म्हणून तो क्रमांक ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर टाकून अर्ज खरोखर पुढे गेला आहे की केंद्रातच पडून आहे, हे आधी पाहावे. क्रमांकच दिलेला नसेल, तर सर्व्हरला दोष देण्यात अर्थ नाही; आज नवा अर्ज करून पोहोच घ्यावी. मुदत उलटून गेली असेल, तर 30 दिवसांच्या आत प्रथम अपील दाखल करता येते. सबळ कारणाशिवाय विलंब झाल्याचे आढळल्यास अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रवेशाची तारीख जवळ आली असल्यास अर्जाची पोहोच जोडून दाखला सादर करण्यासाठी महाविद्यालयाकडे लेखी मुदत मागावी.