गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी डाऊन होते. नवीन बॅटरी टाकूनही तेच. दोष कुठे शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की शुक्रवारी संध्याकाळी ठेवलेली गाडी सोमवारी सेल्फ घेत नाही, रोज चालवली तर मात्र काहीच त्रास नाही. बॅटरी सहा महिन्यांपूर्वी बदललीय, दुकानदार म्हणतो बॅटरी ठीक, गॅरेजवाला म्हणतो अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा भाग) ठीक, आणि आता सल्ला मिळालाय की मोठ्या अँपियरची बॅटरी टाका.

मी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, आणि ही तक्रार आमच्याकडे सारखी येते. दोघंही बहुतेक खरंच बोलतायत. बॅटरी भरतेय, बॅटरी धरतेय, पण गाडी बंद असताना काहीतरी तिच्यातून करंट खातंय. मोठी बॅटरी टाकलीत तर सोमवारी गाडी सुरू होईल आणि दिवाळीत गावाहून परत आलात की पुन्हा बंद सापडेल. टाकीला गळती असताना मोठी टाकी बसवण्यातला प्रकार.

तरी माझ्या अंदाजावर विसंबू नका, फुकटात खात्री करता येते. बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या (३५ अँपियर-अवर साठवण असलेल्या बॅटरीला तीन-साडेतीन अँपियरने रात्रभर). शुक्रवारी गाडी लावलीत की काळी, म्हणजे मायनस बाजूची केबल काढून ठेवा. सोमवारी जोडा आणि सेल्फ मारा. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली तर बॅटरी निर्दोष, दोष गाडीत. केबल काढलेली असूनही बॅटरी बसली तर दोष बॅटरीतच, वॉरंटीचं कार्ड शोधा. केबल काढण्यापूर्वी दोन गोष्टी लक्षात ठेवा: सेंट्रल लॉक चालणार नाही, दार किल्लीने लावावं लागेल, आणि घड्याळ, रेडिओचे स्टेशन, काही गाड्यांत काच आपोआप वर जाण्याचं सेटिंग परत करावं लागेल. डिकी बटणावर उघडणारी असेल तर आत काही महत्त्वाचं ठेवू नका.

साधा मल्टिमीटर घेतलात तर आणखी नेमकं कळेल. बॅटरीच्या दुकानातल्या झटपट मशीनपेक्षा माझा त्याच्यावर जास्त विश्वास आहे, कारण ते मशीन त्या क्षणाची तब्येत सांगतं, रात्री काय झालं ते सांगत नाही. गाडी रात्रभर उभी असताना, बॉनेट उघडून थेट बॅटरीच्या टोकांवर १२.६ व्होल्ट किंवा जास्त दिसलं तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. गाडी नुकतीच बंद केली असेल तर आकडा फुगलेला दिसतो, तो धरू नका. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसलं तर अल्टरनेटर भरतोय. आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून बघा, आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकलीय.

हीच मोजणी करताना मीटरचा एक प्रोब (टोक) बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरा त्याच्यावर बसलेल्या क्लॅम्पवर ठेवून सेल्फ मारा. तिथे अर्धा व्होल्टही दिसला तर टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर साचलाय. गरम पाणी, खाण्याचा सोडा, जुना टूथब्रश, आणि वरून व्हॅसलीन. नवीन बॅटरी टाकताना जुना क्लॅम्प न घासता तसाच दाबून बसवतात, हे मी रोज बघतो.

एक विनंती. अल्टरनेटर तपासायला चालू गाडीची केबल काढून ‘बघा, गाडी बंद पडत नाही’ असं दाखवणारे मेकॅनिक अजून आहेत. कार्बोरेटरच्या जमान्यात ते खपून गेलं. आजच्या गाडीत व्होल्टेज एकदम उसळून ईसीयू (इंजिन चालवणारा कंप्युटर) जाऊ शकतो. तसं कुणाला करू देऊ नका.

आता मुख्य मुद्दा, चोर पकडायचा. बंद गाडीसुद्धा थोडा करंट घेतेच: घड्याळ, रिमोटचा रिसीव्हर, ईसीयूची स्मृती. २० ते ५० मिलिअँपियरपर्यंत चालतं. ५० मिलिअँपियर म्हणजे दिवसाला १.२ अँपियर-अवर, चांगली बॅटरी आठवडाभर हसत काढते. पण ३०० मिलिअँपियर जात असतील तर शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ या साठेक तासांत १८ अँपियर-अवर गेले. तुमच्यासारख्या छोट्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये बॅटरी साधारण ३५ ची. त्यातही शहरातल्या सिग्नल-सिग्नलच्या धावपळीत ती क्वचितच काठोकाठ भरलेली असते. म्हणजे सोमवारी उरतं ते निम्म्याहून कमी. रोज चालवली तर एका रात्रीत साडेतीन-चार जातात आणि दिवसा भरून निघतात, म्हणून तक्रार येत नाही. तुमची लक्षणं या हिशोबात नेमकी बसतात.

मोजायचं असं. मीटरची लाल वायर १० अँपियरच्या भोकात लावा. काळी केबल बॅटरीवरून काढा आणि मीटर त्या केबलच्या आणि बॅटरीच्या मायनस खुंटाच्या मध्ये जोडा. बॉनेट उघडं ठेवा, दारं बंद, किल्ली खिशात नको, गाडीपासून लांब ठेवा. पुश बटणाची गाडी किल्ली जवळ असली की पुन्हा पुन्हा जागी होते. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल. घाबरू नका, गाडीतले कंट्रोलर झोपायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त घेतात. या वेळात इग्निशन चालू करायचं नाही, सेल्फ तर मुळीच मारायचा नाही, नाहीतर मीटर जळेल. बाजारातले स्वस्त क्लॅम्प मीटर बहुतेक फक्त एसी करंट मोजतात, इथे ते काही कामाचे नाहीत.

अर्ध्या-पाऊण तासाने आकडा ५० मिलिअँपियरच्या (मीटरवर ०.०५ अँपियर) वर अडकून राहिला तर चोर आहे. आता फ्यूज एकेक उपटत बसण्याची जुनी पद्धत मला आवडत नाही, कारण फ्यूज परत बसवला की तो कंट्रोलर जागा होतो आणि पुन्हा अर्धा तास थांबा. त्यापेक्षा मीटर काढून केबल नीट जोडा, गाडी झोपू द्या, आणि मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर दिसणाऱ्या दोन धातूच्या ठिपक्यांवर प्रोब टेकवा. ज्याच्यातून करंट जात नाही तो शून्य दाखवेल. १० अँपियरच्या फ्यूजमधून ३०० मिलिअँपियर जात असतील तर दोनेक मिलिव्होल्ट दिसतात. फ्यूज बॉक्स स्टिअरिंगखाली असेल तर दार उघडं ठेवावं लागतं. दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलून ठेवा, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटेल. मोजून झालं की दार लावण्याआधी ते परत उघडायला विसरू नका.

कुठला फ्यूज बोलतोय ते कळलं की पुढचं सोपं. तुम्ही अँड्रॉइड स्टिरिओ बाहेरून बसवलाय असं लिहिलंय, म्हणून माझा पहिला संशय तिथे. स्टिरिओला पिवळी वायर कायमची बॅटरीची आणि लाल वायर किल्लीवर चालणारी, अशा दोन लागतात. घाईत बसवणारे दोन्ही एकत्र पिळून कायमच्या लाइनला जोडतात. स्क्रीन काळी दिसते, आत सगळं जागं असतं. रात्रभरानंतर स्टिरिओच्या मागे हात लावून बघा, कोमट लागला तर समजा. त्याच्या पाठोपाठ पार्किंग मोडवरचा डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, ओबीडी पोर्टमध्ये (दोष तपासायचं मशीन जोडतात त्या सॉकेटमध्ये) विसरलेला ब्लूटूथचा तुकडा, बाहेरून टाकलेलं सेंट्रल लॉक.

कंपनीच्या सामानात डिकीतला दिवा पहिला. पाच वॉटचा दिवा ०.४ अँपियर खातो, दिवसाला जवळपास १० अँपियर-अवर. फोनवर व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवा आणि डिकी बंद करा, उत्तर मिळेल. पावसाळ्यानंतर बॉनेटमध्ये उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही बघा. ओल लागली की तिथून थोडा थोडा करंट झिरपतो, फ्यूज उडत नाही.

सगळे फ्यूज शून्य दाखवतायत आणि तरी करंट जातोय, असं झालं तर अल्टरनेटरकडे वळा. त्याची जाड वायर त्या छोट्या फ्यूजांतून जात नाही. आतला एखादा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळत असेल तर अल्टरनेटर दिवसा चार्जिंग बऱ्यापैकी देतो आणि रात्री तेच उलटं पितो, म्हणूनच गॅरेजमध्ये ‘ठीक’ ठरतो. सकाळी गाडी सुरू करण्याआधी हात लावा. इंजिन गार आणि अल्टरनेटर कोमट असेल तर डायोड गेलाय. पक्कं करायला बॅटरीची मायनस केबल काढा, मग अल्टरनेटरची जाड वायर सोडवून टोकाला टेप गुंडाळा, आणि पुन्हा मीटर लावा. करंट पडला तर नवा अल्टरनेटर घेण्याआधी रेक्टिफायर प्लेट (डायोड बसवलेली पट्टी) बदलून मिळते का विचारा. बऱ्याच ठिकाणी मिळते.

चोर सापडल्यावरही सध्याची बॅटरी एकदा चार्जरवर पूर्ण भरून तिचं व्होल्टेज दोन दिवस, केबल काढून, बघा. ती इतक्या वेळा तळाला गेलीय की प्लेटांवर सल्फेट बसून तिची ताकद घटलेली असू शकते. १२.५ च्या आसपास टिकली तर वापरत राहा. दोष काढण्याआधी नवी टाकलीत तर सहा महिन्यांनी तिचीही हीच गत होईल.

कुठल्या फ्यूजवर किती मिलिव्होल्ट आले ते आणि गाडीचं मॉडेल खाली लिहा, पुढचं सांगतो.