पाय मुरगळला होता, आता दुखत नाही, मग तोल काहून जाते?

प्रश्न: कबड्डी खेळतो, बीए सेकंड इयर, दर्यापूर तालुका. उजवा घोटा दोनदा मुरगळला. आता दुखत नाही पण रेडमध्ये गर्रकन वळलो की पाय डगमगते.

उत्तर: दुखणं थांबलं की घोटा बरा झाला असंच सगळे धरून चालतात भाऊ, आंबेहळद लावली, चार दिवस क्रेप बँडेज बांधलं अन् पुन्हा मैदानात. पण घोटा पुढं वाकायचा कमी झालेला असतो, अन् पाय तिरपा पडतोय हे शरीराला उशिरा कळते. आधी मोजा. अनवाणी भिंतीसमोर उभे राहा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा, पाय थोडाथोडा मागं घेत जा, जिथवर गुडघा टेकते तिथं अंगठ्यापासून भिंतीपर्यंत टेप लावा. 10 सेंमीच्या आसपास आलं तर ठीक, पण खरं पाहायचं ते दोन पायांच्या मापातला फरक, तो 2 सेंमीचा असला तरी कमी मापाच्या पायावर मेहनत घ्या. पोटरी 30 सेकंद ताणायची, एकदा गुडघा सरळ ठेवून अन् एकदा वाकवून, कारण आतला स्नायू गुडघा वाकवल्याशिवाय नीट ताणल्या जात नाही. मग एका पायावर उभं राहून मित्राकडून बॉल झेलायचा. हे महिना-दीड महिना तरी करा, आठ दिवसांत सोडू नका.

प्रश्न: पोलीस भरतीसाठी 800 मीटरची तयारी करते. स्ट्रेचिंग आधी की नंतर?

उत्तर: ताणून धरायचं ते नंतर. आधी जॉगिंग, टाचा-चवड्यावर चालणं, पाय झुलवणं. अन् भेगाळलेल्या काळ्या रानात अंधारात पळू नका ताई, डांबरी रोड परवडला.

प्रश्न: ज्युनिअर कॉलेजला पीटी शिकवतो. मशीन नाही, पोरांचा बॅलन्स कसा तपासू?

उत्तर: सर, फक्की आहे ना? एका बिंदूतून तीन रेघा मारा, एक समोर, दोन मागं तिरप्या. बिंदूवर एका पायानं उभं राहून दुसऱ्या पायानं रेघेवर जमेल तितकं लांब जायचं अन् न पडता परत यायचं. नुसतं बगळ्यासारखं उभं राहणं कोणालाही जमते, खेळात तोल हलताना लागते. समोरच्या रेघेवर दोन पायांत 4 सेंमीच्या वर फरक दिसला तर त्या पोराचा घोटा भिंतीवर मोजा. समोर ठीक पण मागंच कमी पडत असला तर मांडी-कंबर पाहा, घोट्याच्या मागं लागू नका.

प्रश्न: काल खो-खोत पाय मुरगळला, सूज आहे. एक्स-रे लागेल का?

उत्तर: चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर मागच्या कडेनं दाबलं की कळ येत असेल, तर आजच दवाखान्यात जा. मालिश नको.