फोटोत बेड दिसतो, पायऱ्या दिसत नाहीत

प्रश्न: नमस्कार ताई, या सुट्टीत आम्ही सातजण फिरायला निघालोय. मी, मिस्टर, सात वर्षांचा मुलगा, दीड वर्षाची मुलगी, सासू-सासरे आणि नणंद. हॉटेलात तीन खोल्या घ्याव्या लागतात आणि त्या कधीच शेजारीशेजारी मिळत नाहीत, म्हणून यावेळी तिथल्याच एका माणसाचं अख्खं घर भाड्याने घ्यायचं ठरवलंय. एक घर सगळ्यांना आवडलंय, पण सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि मला सारखी धाकधूक वाटतेय की नुसत्या फोटोंवरून घर कसं कळणार?

उत्तर: धाकधूक वाटतेय ते बरंच आहे, कारण ऑपरेशन झालेला गुडघा आणि दीड वर्षाचं मूल या दोन गोष्टी फोटो काढणाऱ्याच्या डोक्यात नसतात. आमच्यासोबत असंच झालं होतं. आईला घेऊन गेलो होतो, लिस्टिंगमध्ये, म्हणजे अ‍ॅपवरच्या घराच्या जाहिरातीत, तीन बेडरूम लिहिलेल्या, फोटोही छान, आणि तिथे पोचल्यावर कळलं की तिसरी बेडरूम म्हणजे माळा आणि वर जायला लाकडी शिडी. आई चार रात्री हॉलमधल्या सोफ्यावर झोपली आणि एकदाही तक्रार केली नाही, त्याचंच मला आजही जास्त वाईट वाटतं. होस्टने, म्हणजे घर देणाऱ्याने, खोटं काही लिहिलं नव्हतं हो, मी विचारलं नव्हतं.

म्हणून माझं सांगणं एकच, बुकिंग करायच्या आधी होस्टला मेसेज करा आणि त्यात घराबद्दल नाही तर तुमच्या माणसांबद्दल लिहा. "घर कसं आहे" असं विचारलं की "मस्त आहे" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी लिहा की सासूबाईंचा गुडघा पूर्ण वाकत नाही, गाडी उभी राहते तिथपासून त्यांच्या बेडपर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत, कठडा आहे का, टॉयलेट कमोडचं आहे का, रात्री उठल्यावर बाथरूमला जाताना मध्ये उंबरा किंवा पायरी लागते का. आणि त्या वाटेचा एक छोटा व्हिडिओ मागा, मोबाइलवर काढलेला, साधा. ज्याला आपलं घर माहीत आहे तो संध्याकाळपर्यंत पायऱ्या मोजून कळवतो. नंतरच्या एका ट्रिपला मी आईच्या गुडघ्याबद्दल असंच लिहिलं होतं तर पोचलो तेव्हा बाथरूममध्ये एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलेलं, चारही पायांना रबराच्या टोप्या घातलेल्या आणि त्यातली एक जरा सैल होती म्हणून दोऱ्याने बांधलेली. आई त्या दोऱ्याकडे बघत बसली होती. तिथेच राहणारा होस्ट असला की हा फायदा असतो. याउलट दोनदा विचारूनही पायऱ्यांचा आकडा येत नसेल तर ते घर सोडा, कितीही आवडलेलं असू दे.

धाकटीसाठी तीन गोष्टी विचारा. एक बाल्कनी, कठड्याच्या दोन गजांमधलं अंतर किती ते, बऱ्याच देशांच्या बांधकाम नियमांत ते १० सेंटीमीटरच्या आसपास धरतात कारण त्याहून मोठ्या फटीतून लहान मूल सरकू शकतं, आणि कठड्याला लागून खुर्ची किंवा कुंडी असेल तर गेल्यागेल्या हलवा. दुसरं गरम पाणी. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाला पाच-सहा सेकंदांत भाजतं, लहान मुलांची कातडी पातळ म्हणून त्यांना त्याहून लवकर. तेव्हा अनोळखी घरातला नळ पहिल्यांदा तुम्ही सोडा, मुलांना सोडू देऊ नका. आणि तिसरं, गॅसचा गीझर बाथरूमच्या आत आहे का? असेल आणि हवा जायला जागा नसेल तर नकोच ते घर. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, माणसाला कळायच्या आत चक्कर येते. पोहायचा तलाव असेल तर त्याला चारही बाजूंनी कुंपण आणि बंद होणारं फाटक हवंच, "आम्ही लक्ष ठेवू" यावर सातजणांच्या घरात अवलंबून राहू नका, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे.

प्रश्न: होस्ट चांगला बोलतोय, पण म्हणतो की अ‍ॅपवरून बुकिंग नको, थेट खात्यात पैसे पाठवा, स्वस्तात देतो. करू का?

उत्तर: नका करू. एअरबीएनबीसारख्या घरं भाड्याने मिळणाऱ्या अ‍ॅपवर तुमचे पैसे होस्टकडे लगेच जात नाहीत, साधारण चेक-इनची वेळ होऊन २४ तास झाले की मग जातात, आणि घर सांगितल्यासारखं नसेल तर कळल्यापासून ७२ तासांत तक्रार करायची सोय असते. थेट पैसे पाठवले की हे सगळं गेलं. आणि तक्रारीला मुदत असते म्हणूनच पोचल्यावर बॅगा उघडायच्या आधी दहा मिनिटं काढून सगळं घर फिरा, नळ, फ्लश, दारांच्या कड्या बघा, जे बिघडलेलं असेल त्याचा फोटो काढून अ‍ॅपमधल्याच चॅटवर पाठवा, फोनवर बोललात तरी नंतर तिथे दोन ओळी लिहून ठेवा. आधी होस्टला दुरुस्त करायची संधी द्या मात्र, बऱ्याचदा तासाभरात काम होतं.

प्रश्न: घरात कॅमेरे असतात असं ऐकलंय. नणंद त्यामुळे यायलाच नको म्हणतेय.

उत्तर: तिची भीती खरी आहे, तिला समजावण्याऐवजी होस्टला तिच्यादेखत विचारा. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेरा ठेवायला पूर्ण बंदी केलीये, त्याआधी हॉलसारख्या जागेत सांगून ठेवता यायचा, आता तोही नाही. बाहेर दारापाशी चालतो, पण कुठे आहे ते लिस्टिंगमध्ये लिहावं लागतं. दुसरीकडून बुक करत असाल तर तिथला नियम वेगळा असू शकतो, म्हणून लेखी विचारा. आत कॅमेरा दिसलाच तर हात न लावता फोटो काढा, कळवा आणि तिथे राहू नका.

प्रश्न: मागच्या वेळी मुलाकडून त्यांचा दिवा फुटला, आम्ही घाबरून काहीच बोललो नाही. अजून मनाला लागून आहे. पुन्हा असं झालं तर?

उत्तर: त्याच दिवशी सांगा, फोटोसकट, आणि "भरपाई किती" हे तुम्हीच विचारा. होस्टला नंतर कळलं तर त्याला दिव्यापेक्षा लपवल्याचा राग येतो. एअरबीएनबीवर रिव्ह्यू लिहायला दोघांनाही १४ दिवस असतात आणि दोघांनी लिहिल्याशिवाय किंवा मुदत संपल्याशिवाय एकमेकांचं दिसत नाही, त्यामुळे बदल्याच्या भीतीने तुम्हीही गुळमुळीत लिहू नका. तुमच्या रिव्ह्यूत पायऱ्या किती आहेत ते मात्र नक्की लिहा, उंबरा कुठे आहे तेही लिहा. अजून कुणीतरी आईला घेऊन तिथे जाणार असेल. आणि त्या जुन्या दिव्याचं म्हणाल तर होस्टचा चॅट अजून उघडत असेल, आजच मेसेज करून टाका.